नीरेच्या अलीकडे आणि पलीकडे

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या आगगाडीने नीरा स्टेशनावर उतरावे आणि बारामतीची एस. टी. धरावी. निंबूत, करंजेपूल, वडगाव निंबाळकर ही गावे मागे पडली की कोऱ्हाळे बुद्रुक येते. आम्ही गेलो ते माघातले दिवस. उसाच्या गाड्यांची रीघ लागलेली, बैलांच्या गळ्यांतील घुंगरांचा नाद रात्रंदिवस चाललेला, आणि वाटेवर जिकडे तिकडे चिपाडांचा सडा. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत या गावाचे नाव सापडणार नाही. आम्हीही कोणते स्थळ पाहावयास गेलो नव्हतो. आमच्या घरोब्यातील तात्यांकडे दोन दिवस राहावे, एवढाच हेतू होता.

तात्यांनी पंचाऐंशी पावसाळे पाहिले आहेत. संध्याकाळी त्यांनी आम्हांस नदीवर नेले. पैलतीराकडे काठी करून म्हणाले, "आमच्या आत्याला तिकडे दिली होती. घरात म्हणत, हिला संस्थानात दिली. आम्ही इकडचे खालशातले. नदी तीच, ज्वारी तीच, सोयरिकीही एकमेकांतच. पण आत्याच्या घरी कज्जा उभा राहिला तर फलटणच्या कचेरीत, आणि आमचा असला तर इंग्रज सरकारच्या."

पलीकडचे हे फलटण संस्थान म्हणजे निंबाळकरांचे, शिवछत्रपतींच्या सईबाईंचे माहेर. क्षेत्र अवघे ३९७ चौरस मैल. १९०१ च्या शिरगणतीत वस्ती ४५,७३९. एवढ्या लहान राज्याने आपल्याहून मोठ्याशी कसे राहावे, हा प्रश्न नीरेच्या या काठी शंभर-सव्वाशे वर्षे रोजचा होता. आज शाळेतील मुलांस 'संस्थाने विलीन झाली' एवढ्या तीन शब्दांत तो उरकून मिळतो.

पेशवाई बुडाल्यावर २५ सप्टेंबर १८१९ रोजी कंपनी सरकारने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी तह केला. राज्य वंशपरंपरा दिले. पण महाराजांनी परराज्यांशी, किंबहुना आपल्या ताब्याबाहेरील कोणाही सरदार-जहागीरदाराशी, परस्पर संबंध ठेवू नये, असे एक कलमही घातले. पुढल्याच वर्षी फलटण, भोर, औंध, जत, अक्कलकोट या जहागीरदारांशी करार होऊन ते साताऱ्याच्या छत्राखाली आले. म्हणजे फलटणवर सातारा आणि साताऱ्यावर कंपनी, अशी ही उतरंड होती.

आणि सातारा काही फलटणशी सौम्यपणे वागला असे नाही. १८२५ साली त्याने जहागीर जप्त केली व १८२७ त तीस हजारांचा नजराणा घेऊन बनाजी नाइकांस दिली. बनाजी वारले, पुन्हा जप्ती आली. १८४१ साली त्यांच्या विधवेस दत्तक घेण्याची मोकळीक मिळाली, तीही पुन्हा तीस हजार मोजल्यावर. लहान म्हणून साताऱ्याची कीव करणाऱ्यांनी हा हिशेबही ध्यानात ठेवावा.

तोवर साताऱ्याचे दिवस भरत आले होते. वर सांगितलेल्या कलमाचा भंग केल्याचा आरोप ठेवून १८३९ त प्रतापसिंहांस पदच्युत केले. अपराध कबूल करा म्हणजे क्षमा होईल, असे सांगितले असता त्यांनी सही केली नाही. काशीस १८४७ त ते वारले. त्यांची बाजू मांडण्यास रंगो बापूजी विलायतेत गेले आणि तेथे कित्येक वर्षे खेटे घालीत राहिले. गादीवर बसविलेले भाऊ शहाजी १८४८ त वारले. मरणसमयी त्यांनी दत्तक घेतला होता. तहातील 'वारस' या शब्दात दत्तक येतो की नाही? मुंबईचे गव्हर्नर क्लार्क म्हणाले, येतो. त्यांच्यामागून आलेले फॉकलंड म्हणाले, येत नाही. कागद एकच! निकाल डलहौसीने दिला आणि सातारा खालसा झाले. सात वर्षांपूर्वी ज्या साताऱ्याने फलटणला दत्तक दिला, त्याला स्वतःला तो मिळाला नाही. फलटण मात्र टिकले; ते थेट इंग्रजांचे मांडलिक झाले.

रात्री जेवणे उरकून ओट्यावर बसलो असता तात्यांचा नातू, जो कायद्याचा अभ्यास करतो, मध्येच म्हणाला, "काका, असे राज्य अजूनही आहे." पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटांविषयी तो बोलत होता. तेथील वस्ती २०२१ च्या गणतीत सुमारे बेचाळीस हजार, म्हणजे जुन्या फलटणाएवढीच. अमेरिकेने तेथे १९४६ ते १९५८ या काळात सदुसष्ट अणुस्फोट केले. १९८६ पासून मार्शल बेटे व मायक्रोनेशिया, आणि १९९४ पासून पलाऊ, यांचा अमेरिकेशी 'मुक्त सहयोगा'चा करार आहे. संरक्षण अमेरिकेकडे, इतर कोणाचे सैन्य तेथे येऊ द्यायचे नाही, मोबदल्यात द्रव्यसाहाय्य, आणि बेटवासीयांस अमेरिकेत बिनव्हिसा राहण्याची व नोकरी करण्याची मुभा. २०२४ साली नव्या कायद्याने पुढील वीस वर्षांसाठी तिघांस मिळून ७१० कोटी डॉलर ठरले.

"मग साताऱ्याहून वेगळे काय?" तात्यांनी विचारले.

"पुष्कळ वेगळे, आजोबा. ती राष्ट्रे संयुक्त राष्ट्रांत आपले मत देतात. परराष्ट्रांशी स्वतः बोलतात. लोकांनी मत दिले तर करारातून बाहेरही पडता येते."

हे आम्हांस मान्य आहे. प्रतापसिंहांस यांतील एकही गोष्ट नव्हती. पण मुलाने आणखी एक तपशील सांगितला, तो ऐकून तात्या बराच वेळ गप्प बसले. अणुस्फोटांच्या नुकसानीपोटी १९८६ च्या करारात पंधरा कोटी डॉलर देऊन सर्व मागण्यांचा कायमचा निकाल लागला, असे लिहिले होते. पुढे त्याच कराराने नेमलेल्या न्यायमंडळाने याच्या कितीतरी पट भरपाई योग्य ठरविली. ती भरपाई देण्यास निधी पुरेसा नव्हता. बेटांनी २००० साली पुन्हा अर्ज केला. अमेरिका 'कायमचा निकाल' याच शब्दांवर बोट ठेवून राहिली. 'वारस' शब्दाची आठवण आम्हांस त्या ओट्यावर न होती तरच नवल.

फलटणच्या शेवटच्या कागदाचे तात्यांस अंधुक स्मरण आहे. १९४७ त सामीलनामा झाला तो संरक्षण, परराष्ट्र व दळणवळण या तीनच विषयांपुरता. ८ मार्च १९४८ रोजी दख्खनची संस्थाने मुंबई प्रांतात गेली. आत्या म्हणे त्या दिवशी नेहमीसारखी नदी उतरून माहेरी आली आणि विचारू लागली, "आता आमचा कज्जा कुठे चालायचा रे?" तो कज्जा विहिरीच्या वाट्याचा होता, तो पुढे कसा मिटला, हे तात्यांस आठवले नाही.

साडेदहा वाजले. कालव्याच्या पाण्याची पाळी रात्री अकराची होती. भाटघरचे हे पाणी. धरण बांधले इंग्रज सरकारने, पण जमीन होती भोर संस्थानची, आणि डावा कालवा काढला तो अलीकडच्या खालशासाठी. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे कांबरे गावचे बुडालेले कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते, असे तात्या सांगत होते, तोच नातू खांद्यावर फावडे टाकून, हातात बॅटरी घेऊन उसाकडे निघाला.