नेम आणि नंबर

नेमबाजीशी माझा संबंध तसा जुना आहे. लहानपणी जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीने मी फुगेवाल्याचा दिवा फोडला होता. वडिलांनी दिव्याचे पैसे भरले आणि परतीच्या वाटेवर माझा हिशेब चुकता केला. त्यानंतर बंदूक पाहिली ती थेट बँकेच्या दारात. आमचा रखवालदार मस्टरवर सही करताना ती कोपऱ्यात छत्र्यांशेजारी टेकवून ठेवतो, आणि पावसाळ्यात एखादा घाईतला खातेदार छत्री समजून तिलाच हात घालतो. एवढ्या भांडवलावर मी अमेरिकेत शस्त्रतज्ज्ञ ठरलो.

त्याचं असं झालं. नोव्हेंबरात आम्ही उभयता धाकट्या बहिणीकडे पेनसिल्व्हेनियात गेलो होतो. तिचे शेजारी चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी तिथे रायफलीने हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या दिवशी फटाक्यांची पिशवी उघडून बसावं, तसे आजोबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर रायफल मांडून बसले होते. मी दिसताच त्यांनी तिच्यावरचा शिक्का दाखवला. बघतो तर काय, आपल्या नोटांवरचे अशोकस्तंभाचे सिंह! खाली आर. एफ. आय. आणि १९६७.

म्हणजे रायफल ईशापूरची, बंगालमधली. घाट जुन्या ब्रिटिश ली-एनफील्डचा, पण १९६२ च्या चीन युद्धानंतर ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी नव्याने बनवलेली. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर ती पुढे कित्येक वर्षं होती. जादा झालेल्या अनेक अमेरिकेत विकल्या गेल्या. त्यांतली ही एक सासरी नांदत होती, आणि माहेरचा माणूस भेटल्याच्या आनंदात आजोबा मला म्हणाले, “तुमच्या देशातली आहे, तुम्हीच सांगा, हिला दुर्बीण कुठली बसवू?”

“माहेरचा आहेस खरा,” सौ. मराठीत पुटपुटली, “पण नाकावरचा चष्मा सापडत नाही, आणि म्हणे दुर्बीण!”

सौ.च्या बोलण्याला इतिहास होता. तो पुढे येईलच.

आजोबांची अडचण साधी होती. नुसत्या रायफलीने नेम धरायचा म्हणजे जवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लांबचं हरीण अशा तीन गोष्टी एका रेषेत बघायच्या. तरुण डोळा तिघींना चटचट भेटी देतो. चाळिशी उलटली की एकीला भेटावं तर दुसरी रुसते. (कोण म्हणालं, संसारासारखं?) दुर्बिणीत हरीण आणि फुली एकाच पातळीवर दिसतात, भांडण मिटतं.

पण ही नेहमीसारखी डोळ्याजवळ बसवणं कठीण. या रायफलीत वरून, पाच काडतुसांची पट्टी एका दमात आत ढकलायची सोय आहे. तिच्यावर दुर्बीण आली की वाट बंद. शिवाय पोलादाला भोकं पाडायला आजोबा तयार नव्हते. “हिचे कान टोचायचे नाहीत!” अशाच काहीशा अर्थाचं ते बोलले. तेव्हा उपाय एकच. मागची खाच नळीवर जिथे बसते तिथली पट्टी काढायची आणि त्याच जागी दुर्बिणीची बैठक ठोकायची, म्हणजे दुर्बीण हातभर पुढे.

ही युक्ती नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी दीडपट दाखवणारी चिमुकली दुर्बीण अशीच पुढे बसवली होती. पुढे जेफ कूपर नावाच्या निवृत्त लष्करी गृहस्थांनी १९८३ साली अ‍ॅरिझोनात खास बैठक बोलावून असल्या हलक्या, ‘स्काउट’ रायफलीचा पंथच काढला. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, एकाने फुली, दुसऱ्याने जग. आमचे साहेब केबिनमधून नेमकं हेच करतात.

टेबलावर तीन उमेदवार होते. आजोबांनी रायफलीचा बोल्ट काढून खिशात टाकला, आणि आम्ही परसात जाऊन दूरच्या कुंपणाच्या खांबाची मुलाखत घेऊ लागलो. चष्म्याच्या दुकानातला माझा दांडगा अनुभव इथे कामी आला. “हे बरं की ते बरं?” एवढंच मी विचारत होतो.

पहिली पिस्तुलाची दुर्बीण. ती हात लांब करून बघायची. डोळा जवळ गेला की भोवती काळं कडं. आजोबांना बगळ्यासारखी मान मागे घ्यावी लागली. नापास.

दुसरा लाल ठिपका. डोळा कुठेही ठेवा, चालतं. पण आजोबांना चष्म्यात तिरका नंबर. ठिपक्याचं त्यांना फुटलेलं डाळिंब दिसायला लागलं. डाळिंबाने हरीण मरत नाही.

तिसरी खास या कामाची, डोळ्यापासून नऊ-दहा इंचांवर बघायची, अडीचपट. मी म्हटलं, “अडीचच? सातपटीची घ्या की! व्याज जास्त तिथे ठेव ठेवावी.” आजोबा हसले. दुर्बीण पुढे गेली की पट वाढवावी तशी खिडकी आकसते, झाडीत हरीण शोधता शोधता ते पुढच्या गावी पोचतं. शिवाय २८ मिलिमीटरच्या काचेला अडीचने भागलं की अकरा मिलिमीटरचा प्रकाश डोळ्याकडे येतो, म्हातारी बाहुली तेवढी उघडतही नाही. भागाकार मी तोंडी केला. तिथे माझा पहिल्यांदाच मान राखला गेला. खोट एकच निघाली. मावळतीचं ऊन पाठीवर आलं की डोळ्याकडची काच चमकते आणि खांब पुसून जातो. “मग सूर्याकडे पाठ करून बसायचं नाही,” आजोबा म्हणाले, आणि अडीचपट पास झाली.

खरं कारण त्यांनी चहाच्या वेळी सांगितलं. आदल्या वर्षी झुडपात काहीतरी तपकिरी हललं होतं. बोट चापावर होतं. हरीण की माणूस, ठरेना. त्यांनी रायफल खाली ठेवली आणि तसेच घरी आले. “शिकारीला नारिंगी कपडे सक्तीचे आहेत, माणूस असता तर बहुधा दिसला असता. पण बहुधावर गोळी झाडत नाहीत. यंदा नीट दिसलं नाही, तर रायफल विकणार.”

मी कप खाली ठेवला. आता तो इतिहास. सहा महिन्यांपूर्वी एका पेन्शनर बाईंच्या स्लिपवरचा ३ मला ८ दिसला होता. तीन हजारांऐवजी आठ हजार दिले, आणि त्या बिचाऱ्या रिक्षा करून पाच हजार परत द्यायला आल्या. डॉक्टरांनी बायफोकल लिहून दिला. तो कागद मी पाकिटात घडी करून ठेवला होता, कारण बायफोकल म्हणजे म्हातारपण, आणि मी तर जेमतेम सत्तेचाळीसचा. माझे पाच हजार परत आले होते. गोळी परत येत नाही.

शनिवारी संध्याकाळी आजोबा रिकाम्या हाताने आले, पण चेहरा जावई घरी आल्यासारखा. ऐंशी पावलांवर हरीण उभं होतं म्हणे. दुर्बिणीतून स्वच्छ दिसलं, डोक्यावर शिंगं नाहीत. मादी. त्यांच्याकडे परवाना शिंगवाल्याचाच होता.

“मग?”

“मग काय, दिसलं ना! रायफल विकत नाही.”

परत आल्यावर मी पहिला बायफोकल केला. आता जिना उतरताना पायऱ्या दोनदा दिसतात, पण ३ हा ३च दिसतो. त्या पेन्शनर बाई परवा आल्या. मी नोटा मोजल्या. त्यांनी पुन्हा एकदा मोजल्या, मग माझ्या चष्म्याकडे बघितलं, आणि तिथेच उभं राहून तिसऱ्यांदा मोजल्या.