तक्रार क्रमांक मिळाला, पुढे?

नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाची शेपटी, असे मुलांना वाटे. खरे सांगायचे तर काही शिक्षकांनाही. मी ते बरीच वर्षे शिकवले. ‘नागरिकांचा सहभाग’ म्हटले की मतदानापुढे सांगण्यासारखे फारसे नसे.

आता म्हणे इंटरनेटमुळे हा सहभाग घरबसल्या होतो. काही अंशी खरे आहे. माहितीचा अधिकार 12 ऑक्टोबर 2005 पासून जवळजवळ देशभर लागू झाला (अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे महाराष्ट्राचा कायदा त्याआधीच आला होता). तेव्हा अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून टेबलाटेबलांवर फिरावे लागे. आता राज्याच्या बऱ्याच कार्यालयांना अर्ज संगणकावरून जातो. मुदत तीच, 30 दिवस. माहिती कशासाठी हवी, हे कोणी विचारू शकत नाही.

2015 पासून ‘आपले सरकार’वर तक्रारीचीही सोय आहे. आमच्या गल्लीतल्या गटाराची तक्रार मी अशीच एका कार्यालयाकडे ऑनलाइन केली. क्रमांक तत्काळ मिळाला. काही दिवसांनी ‘निवारण झाले’ असा संदेशही आला. गटार होते तसेच! मग आम्ही चौघा म्हाताऱ्यांनी त्याच कामाचे अंदाजपत्रक आणि मोजमापाची नोंद माहिती अधिकारात मागवली, टेप घेऊन गल्ली मोजली. कागदावरची लांबी जास्त निघाली. तक्रारीपेक्षा या मोजणीत मला सहभाग अधिक दिसला.

वास्तविक हे मागावेच लागू नये. कायद्याच्या कलम 4 मध्ये 17 बाबी कार्यालयाने आपणहून जाहीर करायच्या आहेत, त्यात खर्चाचा तपशीलही आला. लोकांना अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी, म्हणून कलमात इंटरनेटचा स्पष्ट उल्लेख आहे. वीस वर्षे झाली!

आणि आमच्या सोलापुरात पूर्व भागातल्या विडी कामगार बायका? अनेकींच्या घरची बोली तेलुगू, विड्यांचा हिशेब हजारावर. दुपार पोर्टलवर घालवली तर तेवढी मजुरी बुडाली. गटार त्यांच्याही दारात आहे, पण पोर्टलवर त्यांची तक्रारच नाही, म्हणजे साहेबांच्या तक्त्यात त्यांची गल्ली चकाचक. असो.

आम्ही पहिले अपील केले आहे. आता पूर्व भागातली एक गल्ली मोजायची ठरवतोय. आमच्यापैकी एकांना तेलुगू येते. टेप माझी.