पुसलेले आणि नष्ट झालेले

‘पुसले’ आणि ‘नष्ट झाले’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. संगणकाच्या हार्ड डिस्कमधून हरवलेले दस्त शोधण्याचा छंद लागल्यापासून आम्हांस त्यांतील अंतर कळले.

गोव्यात १९३३ च्या देवस्थान नियमावलीखाली महाजनांची नामावली ठेवतात. महाजनकीचा वाद उद्भवला, की प्रथम तीच पाहतात. एका देवस्थानाने जीर्ण वह्यांची छायाचित्रे डिस्कवर ठेविली होती. पुढे काही वह्या वाळवीने खाल्ल्या आणि एके दिवशी कोणाच्या तरी हातून तो संग्रहही पुसला गेला.

हार्ड डिस्कवरील फाइल पुसणे म्हणजे दप्तरखान्याच्या सूचीतून नाव खोडणे. कागद कपाटातच राहतो. त्या जागी नवे लिखाण झाले, की मगच तो जातो. म्हणून आम्ही यंत्र तत्काळ बंद करविले, संपूर्ण डिस्कची नक्कल दुसरीवर उतरविली आणि शोध नकलेत घेतला. मूळ दस्तास हात लावावयाचा नाही, ही वकिली शिस्त येथेही उपयोगी पडली. बहुतेक पाने मिळाली. ज्यांच्या जागी उत्सवाचे हिशेब लिहिले गेले होते, ती कायमची गेली.

नव्या एसएसडीत एवढीही आशा नसते. ‘ट्रिम’ची आज्ञा मिळताच पुसलेला मजकूर बहुधा परत वाचता येत नाही. आपल्या पूर्वजांच्या पोथ्या टिकल्या, त्या गावोगावी प्रती केल्यामुळे. देवस्थानांनीही दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी, हे उत्तम.