आमचा दुबईतला पत्ता

माझ्या नावावर दुबईत एक पत्ता आहे. मी दुबई पाहिलेली नाही. उमऱ्याच्या आशेने काढलेला पासपोर्ट अजून कोराच आहे. तरीही तिथल्या एका गोदामाचा रस्ता, इमारत आणि शेवटी माझा म्हणून मिळालेला एक क्रमांक मला तोंडपाठ आहे.

आमच्या खेड तालुक्यात परदेशातून वस्तू येणे ही काही नवलाई नव्हे. माझे अब्बा कुवेतला होते. गावातला कुणी सुटीवर निघाला की त्याच्याबरोबर खोका यायचा. नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेला, चारही बाजूंनी मार्करने नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिलेला. त्यात निवियाची निळी डबी असायची, यार्डलीची पावडर असायची, आणि अम्मी ती डबी वर्षभर पुरवायची. खोका आणणाऱ्याला चहा-शिरखुर्मा झाल्याशिवाय उठू देत नसत. एखादी वस्तू फुटली तर अम्मी त्यालाच बोलायची आणि तोही मुकाट्याने ऐकून घ्यायचा. 1990 च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले, अब्बा अम्मानमार्गे एका पिशवीनिशी परतले, आणि खोके थांबले. पुढे भाऊ दुबईला गेला, पुन्हा सुरू झाले. 2020 च्या साथीत त्याचीही नोकरी गेली. आता तिकडे आमचे कुणी नव्हते.

तेव्हा कुणीतरी सांगितले की माणूस नसला तरी चालतो, पत्ता भाड्याने मिळतो. पार्सल पुढे पाठवणाऱ्या कंपन्या असतात. नाव नोंदवले की त्या आपल्याला गोदामातला एक क्रमांक देतात. तिथल्या दुकानांतून जे मागवाल ते त्या क्रमांकावर जमा होते. चार दुकानांची चार पाकिटे एका खोक्यात बांधून ते मुंबईला पाठवतात. आपण आधार, पॅन द्यायचे, मालाची किंमत लिहायची. वजन मात्र काट्यावरचेच धरतील असे नाही. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून पाच हजाराने भागतात, आणि तो आकडा जास्त निघाला तर त्याचे पैसे. हलक्या डब्या आणि भोवती भरलेली हवा, अशी हवाही मी दुबईहून आणलेली आहे. वर कस्टम. पूर्वी पाच हजारांपर्यंतची भेटवस्तू सुटायची, ती सवलत 2019 च्या डिसेंबरात गेली. राखी आणि जीवरक्षक औषधे तेवढी वगळली.

एवढा खटाटोप मी केला तो माझ्या भाचीसाठी.

माझी आपा गावी असते. तिची मुलगी बी.एस्सी. झालेली, हुशार, हसरी. रंगाने अब्बांवर गेलेली. रिश्ते यायचे, चहा व्हायचा, ताटातले संपायचे आणि मग मध्यस्थाकडून निरोप यायचा, "मुलगी चांगली आहे, पण..." हा 'पण' आमच्याकडे कुणी पुरा करत नाही. एकदा एका बाईने माझ्यासमोरच भाचीची बाही जरा वर सरकवून पाहिली. चेहरा पावडरने उजळता येतो, दंडाचा रंग खरा, असा तिचा हिशेब.

मी मुंब्र्याला शाळेत शिकवते. महिलांच्या बैठकांत हुंड्यावर बोलले आहे, रंगावरही बोलले आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या आहेत. आणि आपाने फोनवर रडत सांगितले, "तिकडची ती क्रीम मिळते का बघ गं, शेजारच्या पोरीला पंधरा दिवसांत फरक पडला," तेव्हा मी तिला काहीही न समजावता कार्डाचा नंबर टाकून मोकळी झाले. ही 2022 सालची गोष्ट.

डबी छान होती. वर गोऱ्या बाईचे चित्र, आत मोत्यासारखी पांढरी क्रीम. बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता, आत काय काय घातले आहे तेही लिहिलेले नव्हते. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक सूचना होती: सोने, चांदी, अॅल्युमिनियम यांना लागू देऊ नये. मी ती वाचली. मास्तरीणच ना, वाचल्याशिवाय कशी राहीन! आणि भाचीला फोन करून बजावले, "लावताना अंगठी काढून ठेव हं, खराब होईल."

फरक पडला. तीन आठवड्यांत पडला. आपाने मला दुवा दिल्या. मी आणखी डब्या मागवल्या.

2024 च्या सुरुवातीला भाचीचे पाय सुजू लागले. चप्पल होईना. सकाळी डोळ्यांखाली सूज, लघवीला फेस. गावच्या डॉक्टरांनी तपासणी केली तर लघवीतून प्रथिने जात होती. मुंबईला आणली. बायोप्सीत मूत्रपिंडाचा आजार निघाला, मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी. तेविसाव्या वर्षी! डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवले आणि विचारले, "बेटा, चेहऱ्याला काय लावतेस?" भाचीने माझ्याकडे पाहिले. मी पर्समध्ये डबी घेऊनच आले होते, पाऊच सापडेना म्हणून त्यात तिचे कानातले ठेवावेत तशी, रिकामी झालेली. काठाला क्रीम होती, तेवढी तपासणीला पुरली. पारा निघाला.

मग मी वाचू लागले. पारा त्वचेत रंग तयार होण्याचे काम रोखतो, म्हणून गोरेपणा येतो. तो अंगात मुरतो आणि मूत्रपिंडावर जातो. घरातली बाकीची माणसेही त्याची वाफ श्वासात घेतात. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी 2021 ते 2023 या काळात याच आजाराचे 22 रुग्ण नोंदवले, त्यांतल्या 13 जणांनी गोरेपणाची क्रीम लावलेली होती. तो अहवाल परदेशी नियतकालिकात छापून आला. आपल्याकडे अकोल्यात एका घरातल्या तिघींचे असेच झाल्याचे 2023 साली समोर आले. म्हणजे मी कार्डाचा नंबर टाकत होते त्या सुमारास हे सगळे चाललेले होते. आणि ती सोन्याचांदीची सूचना हीच पाऱ्याची खूण मानतात, हेही मला तेव्हाच कळले. पारा सोन्याला धरतो. मी अंगठी वाचवली होती.

सरकारी नियम नाहीत असे नाही. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत पारा घालायला बंदी आहे. नकळत आला तर डोळ्यांच्या प्रसाधनांत दहा लाख भागांत 70 आणि बाकीच्यांत फक्त एक भाग चालतो. व्यापारासाठी माल आणणाऱ्याला केंद्राकडे नोंदणी करावी लागते, डबीवर नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचे नाव छापावे लागते. पण माझ्या खोक्यात आयातदार कोण? मीच. 'वैयक्तिक वापरासाठी' या चौकटीत खूण मीच केली होती. मी त्या गोदामवाल्यांना फोन केला. पलीकडचा मुलगा अदबीने बोलला, हिंदीत, बहुधा आपल्याच कुणाचा असावा. म्हणाला, "मॅडम, आम्ही खोका उघडत नाही. जसा येतो तसा पुढे पाठवतो." त्याचेही खरेच होते. विकणाऱ्या दुकानाचा नंबर लागेना. अम्मी खोका आणणाऱ्याला बोलायची. मला बोलायला माणूस उरला नव्हता. आपा मला एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

क्रीम बंद केली, औषधे सुरू आहेत. लघवीतली प्रथिने हळूहळू उतरली. केरळातल्याही बहुतेकांना क्रीम सोडल्यावर उतार पडला होता, हे डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा पुन्हा सांगितले. रंग मात्र महिनाभरात परत आला. पहिल्यांदा आरशासमोर ती बराच वेळ बसली होती. मी दारातूनच परतले.

आजारपणाच्या गडबडीत एक गोष्ट राहिलीच होती. शेवटच्या मागणीतले एक पार्सल त्या गोदामात पडून होते. ठेवण्याची फुकट मुदत संपत आली, ईमेल आला. खाली दोन पर्याय: पाठवा किंवा नष्ट करा. नष्ट करायचे वेगळे पैसे, दिरहममध्ये. भाची सुटीला माझ्याकडे आली होती. मी तिच्यासमोरच 'नष्ट करा' वर बोट ठेवले.

"खाला, थांब," ती म्हणाली. "त्यात क्रीमबरोबर माझी लिपस्टिकपण होती ना? मरून रंगाची. तेवढी काढून पाठवतील का?"

मी म्हटले, ते खोका उघडत नाहीत.

"विचार तरी."

मी फोन उचलला.