पौर्णिमेच्या आगेमागे

गुहागरला कधी जायचं, हे आमच्या घरी तिथी बघून ठरतं. भाद्रपद सरत आला की सासूबाई भिंतीवरच्या कालनिर्णयचं पान उलटतात, मार्गशीर्षातली पौर्णिमा कुठल्या वारी येते ते बघतात आणि विचारतात, "आगेमागे चार दिवस निघतील का गं?" यात व्रतवैकल्याचा काही भाग नाही. सगळा हिशेब समुद्राचा आहे.

किनाऱ्यावरची माणसं तो तोंडी करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमेला सव्वाअकराला. पुढे प्रतिपदेपासून पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. दिवसातून अशा दोन भरत्या, आणि प्रत्येकीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. पाव-अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण चार दिवसांची सहल आखायला तेवढा अंदाज पुरतो. अष्टमीच्या सुमाराला गेलात तर ओहोटी ऐन दुपारच्या उन्हात येते आणि संध्याकाळी फिरायला निघावं तर पाणी चढलेलं असतं. पायाखाली उरते ती वरची भुसभुशीत, कोरडी वाळू. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आगेमागे गेलात तर भरती जेवणाच्या वेळेला उरकते आणि सकाळ-संध्याकाळ लांबवर पुळण उघडी पडते. ती वाळू ओली, चापून बसलेली, जवळजवळ शेणाने सारवलेल्या अंगणासारखी घट्ट असते. सासूबाईंचे गुडघे कोरड्या वाळूत दहा पावलांत बोलायला लागतात. ओल्या वाळूवर त्या माझ्या पुढे चालतात. मग अमावास्येपेक्षा पौर्णिमा बरी, कारण परतताना उजेड असतो.

सहल आखताना पहिला प्रश्न कुठला विचारावा, याचं उत्तर मला या तिथीच्या हिशेबाने दिलं. सहसा आपण ठिकाणांपासून सुरुवात करतो. कोकणात निघालोच आहोत तर हरिहरेश्वर करू, दिवेआगर करू, दापोली, गुहागर, जाता जाता गणपतीपुळे. कागदावर हे फार छान दिसतं. पण मुक्काम हलवायचा म्हणजे काय, ते एकदा मांडून बघावं. सकाळी ओले कपडे पिशव्यांत कोंबायचे, दहाच्या आत खोली सोडायची, गाडीत बसायचं, पुढच्या गावातली खोली बाराला मिळणार म्हणून कुठेतरी सावली शोधत थांबायचं, मग जेवणाची शोधाशोध. एका मुक्कामबदलाला अर्धा दिवस सहज जातो. चार वेळा मुक्काम हलवला तर दोन दिवस गेले, आणि पैसे मात्र पूर्ण दिवसांचे मोजलेले असतात. म्हणून पहिला प्रश्न हा, की तिथे पोचल्यावर आपल्याला रोज काय करायला आवडेल? आमचं उत्तर ठरलेलं आहे. सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या कडेने चालायचं, दुपारी जेवून झोपायचं. त्याला एक गाव पुरतं.

गाव एकदा ठरलं की जाण्यायेण्याचं नक्की करायला मी मुळीच वेळ लावत नाही. कोकण रेल्वेचं तिकीट म्हणजे सहलीचा कणा. आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं. त्यामुळे डिसेंबरच्या पौर्णिमेचं तिकीट ऑक्टोबरात, खिडकी उघडते त्याच सकाळी आठला काढायचं, आणि परतीचंही असंच वेळेवर. तत्काळच्या भरवशावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन निघू नये, असं माझं ठाम मत आहे. जादा पैसे तर जातातच, पण आदल्या दिवसापर्यंत जिवाला जी टांगणी लागते तिची भरपाई कुठल्याच सुट्टीने होत नाही. गाडी रस्त्याने नेण्याचाही मोह मी कधीच सोडला. महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम 2011 पासून चालू आहे, आणि घरातला एक माणूस चाकामागे अडकला की त्याची सुट्टी तितकी कमी होते. रेल्वेत चौघांचीही सुट्टी पहाटेच सुरू होते. रोह्यानंतर कोकण रेल्वेची हद्द लागते, बोगदे येतात, करंजाडीनंतरच्या नातूवाडीच्या लांबलचक बोगद्यात लेक दर वेळी खिडकीच्या काचेत स्वतःलाच बघत बसते, आणि दुपारच्या आत चिपळूण येतं.

चिपळूण स्टेशनवरून रिक्षाने एसटी स्टँड, तिथून गुहागरची गाडी. स्टेशनबाहेर खासगी गाड्या उभ्या असतातच, घाई असेल त्याने खुशाल कराव्यात. आम्ही एसटीने जातो. एक तर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटीत तिकीट नाही आणि आम्हा बायकांना मार्च 2023 पासून अर्धं, म्हणजे आमच्या घरात पूर्ण तिकीट फक्त एकाचं निघतं. कंडक्टरने आधार कार्ड मागितलं की सासूबाई ते अशा काही दिमाखात काढून दाखवतात, की आजूबाजूच्या बायका त्यांचं वय विचारतातच. पण पैशांपेक्षाही मला ती गाडी आवडते ती तिच्यातल्या बोलण्यासाठी. मार्गताम्हाण्याला कुणी चढतं, शृंगारतळीला बाजाराच्या पिशव्या चढतात, या वर्षी सुपारी कशी आहे, कुणाच्या कलमांना मोहोर लवकर धरलाय, सगळं कानावर पडत जातं. मोडकाआगरचं धरण दिसेपर्यंत आपण मुंबईची माणसं राहिलेलो नसतो.

राहायला घरगुती जागा. आठवडाभर आधी फोन केला की त्या घरच्या काकू खोलीबद्दल फारसं बोलतच नाहीत. त्यांचे प्रश्न वेगळे असतात. "किती ताटं? आजी रात्री भात खातात ना? मुलीला तिखट चालतं का आता?" हे आगाऊ सांगणं फार महत्त्वाचं आहे. घरगुती स्वयंपाक मोजून होतो. आयत्या वेळी येणाऱ्याला उरलंसुरलं मिळतं, सांगून येणाऱ्यासाठी नारळ खवला जातो. चार रात्री एकाच घरी आणि तेही आठवड्याच्या मधल्या वारांना, म्हणजे मंगळवारी जाऊन शनिवारी परत, असं असलं की दरात सवलत मागावी लागत नाही. नाताळची गर्दी सुरू व्हायच्या आधीचे हे दिवस यजमानांनाही रिकामेच असतात. लेकीच्या शाळेला चार दिवस दांडी पडते, ती मी निःसंकोच पडू देते. ज्यांना मे महिन्याशिवाय गत्यंतर नाही त्यांनीही तिथी बघावी. गर्दी टळणार नाही, पण पुळण तरी मोठी मिळेल.

आणि मग मधले दिवस. त्यांचं मी काहीही ठरवत नाही, फक्त एका दिवसाचा अपवाद सोडून. हेदवीला समुद्राकाठच्या कातळात बामणघळ म्हणून एक अरुंद चीर आहे. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं, आत कोंडतं आणि उंच उसळून बाहेर येतं. ओहोटीला गेलात तर नुसता खडक बघून परत यावं लागतं, आणि कितीतरी माणसं तशी परत जातातही. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, चतुर्दशीला, भरती साडेदहाची. म्हणून त्या दिवशी सकाळची न्याहारी लवकर करून रिक्षा सांगायची, दहाला हेदवीत असायचं. निसरड्या कडेपासून गावकरी सांगतील तितकं लांब उभं राहायचं, तिथे धाडस करू नये. आधी कातळाच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज येतो, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग पांढरं पाणी सरळ वर उठतं. लेक प्रत्येक उसळीला ओरडते. येताना दशभुज गणेशाचं दर्शन, वेळणेश्वराला थोडं टेकणं, आणि जेवायला घरी.

बाकीच्या दुपारी वाडीतल्या. पोफळी इतक्या दाट, की ऊन जमिनीवर नाण्यांएवढंच पोचतं. पाण्याचा पाट सोडलेला असतो, तो एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात भरत जातो, आणि काकूंचे दीर खोऱ्याने एकेका आळ्याचं तोंड बंद करत पुढे सरकतात. खळ्यात सुपारी वाळत घातलेली. नवरा ओटीवर पुस्तक उघडतो आणि दोन पानांत झोपतो. तो घरी कधीच दुपारी झोपत नाही. त्याला असं झोपलेलं बघताना मला दर वेळी वाटतं, की तिकिटाची, तिथीची, ताटांची सगळी आखणी एवढ्याचसाठी केली होती. वेळ वाचवायचा तो अशा दुपारी निर्धास्तपणे घालवता यावा म्हणून. एखाद्या दिवशी कुणाला वाटलंच तर एसटीने धोपाव्याला जाऊन फेरीबोटीने दाभोळला जावं, पलीकडे चहा प्यावा, परत यावं. नाही वाटलं तर व्याडेश्वराच्या देवळात बसावं. दोन्हीला तयारी लागत नाही.

परतीसाठी शनिवार धरते तोही विचार करून. रविवारी रात्री उशिरा घरी पोचून सोमवारी सकाळी कामावर पळणारी माणसं मी बघते, त्यांचे चेहरे सुट्टी संपल्याचे नसतात, दमणूक वाढल्याचे असतात. एक अख्खा रविवार घरी हाताशी हवा. कपडे धुवायला, वाळू झटकायला, फोटो बघायला, आणि काकूंनी बांधून दिलेलं कुळथाचं पीठ त्याच दिवशी पिठी करून खायला. जाताना एक पिशवी रिकामी नेतो ती त्याचसाठी. पीठ, आमसुलं, दोन नारळ आणि सासूबाईंनी खळ्यात बसून स्वतः निवडलेल्या सुपाऱ्या, एवढं तिच्यात बेताने बसतं. रविवारी दुपारी पिठी-भात झाला की त्या पुढच्या वर्षीच्या पंचांगाची चौकशी करायला लागतात.