सांधा

नाना गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमची जुनी डिझेल पिकअप सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागली. स्टार्टर पुन्हा पुन्हा मारावा लागे. मग इंजिन खोकत, पांढरा धूर सोडत जागे होई आणि एकदा चालू झाले की दिवसभर तक्रार नसे. निफाड तालुक्यातली आमची शेती धाकटा भाऊ पाहतो. कांदा लासलगावला न्यायचा म्हणजे लिलावाची वेळ गाठायला हवी. ती दोनदा हुकली. दुसऱ्यांदा संध्याकाळी तो म्हणाला, "नानांनी खटारा गळ्यात मारला, दादा. स्वतः कधी काही केलं नाही गाडीचं." मी गप्प राहिलो. नाशकात महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या थोरल्या भावाला या बाबतीत बोलण्याचा अधिकार फारसा नव्हता.

मिस्त्रींचे निदान तयार होते. पंप थकला आहे; उतरवून कॅलिब्रेशनला पाठवू. आणि उतरवतोच आहोत तर डिझेल जरा वाढवून घेऊ, चढाला गाडी चांगली ओढेल. भावाला हा दुसरा भाग अधिक पटला. मी मात्र सुटीभर थांबण्याची विनंती केली आणि नानांच्या कपाटातले गाडीचे माहितीपुस्तक काढून बसलो. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माणसाला एक सवय असते. संहितेत दुरुस्ती सुचवण्याआधी ती आहे तशी कशी चालते, हे त्याला पाहावे लागते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, एवढे मला ऐकून माहीत होते. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून इतकी तापवायची की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटावे, ही रुडॉल्फ डिझेलची कल्पना. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वी ठरले. पण इंधन आत ढकलण्यासाठी त्याला दाबलेल्या हवेचा आधार घ्यावा लागला होता आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. एवढ्या दाबाविरुद्ध थेंबभर द्रव अचूक क्षणी, अचूक मापाने आत घालणे हाच खरा पेच होता. बॉशचा इंजेक्शन पंप १९२७ पासून कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनू लागला आणि डिझेल इंजिन लहान वाहनांत मावण्याची वाट मोकळी झाली. आमच्या पिकअपमधला पंप त्याच घराण्यातला, संपूर्ण यांत्रिक. त्यातल्या दट्ट्यावर एक तिरकी खाच कोरलेली असते. दट्ट्या किती फिरवला यावर किती डिझेल पुढे जाणार हे ठरते. दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यामधली फट काही मायक्रॉनची असते आणि वंगण म्हणून वेगळे तेल नसते. डिझेलच ते काम करते. पाण्याचा अंश या जागी घातक का ठरतो, ते हे वाचल्यावर उमगले.

पण माझे लक्ष अडकले ते याच्याही आधीच्या भागात. टाकीपासून इंजेक्शन पंपापर्यंत डिझेल आणणारा एक साधा फीड पंप असतो. त्याच्या पुढे डिझेल ढकलले जाते, त्याच्या मागे ते ओढले जाते. पुढच्या बाजूला सांधा सैल असेल तर डिझेल बाहेर येते, डाग पडतो, वास येतो. मागच्या बाजूला मात्र आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे सांधा सैल असला तर बाहेर थेंबही दिसत नाही. हवा आत शिरते. रात्रभरात नळीतले डिझेल परत टाकीकडे उतरते आणि सकाळी फीड पंपाला आधी हवाच ओढावी लागते. द्रव सहसा दबत नाही, हवा दबते. पंपाचा सारा जोर तो बुडबुडा दाबण्यात जातो, नोझलची सुई उचललीच जात नाही. यालाच मिस्त्री लोक 'गाडीने एअर धरली' म्हणतात. आम्ही मात्र गाडीखाली डाग नाही म्हणून गळती नाही, असे धरून चाललो होतो.

इथे मला नानांचे गाडी लावणे आठवले. नवी शेड बांधून झाल्यावरही ते गाडी तिच्या सपाट कोब्यावर लावत नसत. विहिरीच्या वाटेवरच्या उतारावर, तोंड खाली करून लावत. बॅटरीने दगा दिला तर ढकलायला बरी, असे आम्ही समजत असू. त्यांनीही कधी खुलासा केला नाही. पण तोंड खाली असले की मागची टाकी इंजिनापेक्षा वर येते. डिझेल टाकीकडे परत जात नाही, सांध्यापाशी भरून राहते. नाना गेल्यावर भाऊ गाडी शेडमध्ये लावू लागला. त्रास तेव्हापासूनचा होता.

आम्ही दोघे उतारावर गेलो. नानांच्या जागी मुरमावर तळहाताएवढा काळपट डाग होता, एकाच ठिकाणी थेंब थेंब पडून झालेला. टाकी भरून गाडी तिथे लावली, फीड पंपाकडे येणारी नळी कापडाने कोरडी पुसली आणि जेवायला गेलो. परतलो तेव्हा रबरी नळीच्या टोकाशी, क्लिपच्या खाली, ओल होती. नळी वाळून चिरली होती. भाऊ बराच वेळ उकिडवा बसून तिच्याकडे पाहत राहिला. "त्यांना ठाऊक होतं," एवढेच तो म्हणाला. ते कौतुकाने की रागाने, मला ठरवता आले नाही. दोन्ही रास्तच होते. नळी बदलायला कितीसे पैसे लागले असते!

पंप उतरवला नाही. डिझेल वाढवण्यालाही मी विरोध केला आणि या वेळी त्याने ऐकले. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवले तर बरेचसे अर्धवट जळून काळा धूर होतो, उष्णता वाढते आणि पिस्टनवर येते. मूळ ग्रंथात भर घालणाऱ्यांनाही आपण संहिता समृद्धच करत आहोत असे वाटत असते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करायला घेतली ती अशाच उत्साहाच्या खुणा पुसण्यासाठी.

तरी एक बदल आम्ही केलाच. पिंपातून टाकीत ओतलेल्या डिझेलबरोबर पावसाळ्यात पाणी येते, म्हणून फीड पंपाच्या आधी पाणी खाली बसवणारे भांडे लावले, तळाला तोटी असलेले. मिस्त्रींनी बजावले, "सर, भांडं म्हणजे दोन सांधे वाढले. तेही ओढीच्या बाजूला." त्यांचे बरोबर होते. म्हणून नवी नळी घालताना मध्ये वीतभर पारदर्शक तुकडा बसवला, बुडबुडे दिसावेत म्हणून. फिल्टरचा स्क्रू सैल केला, भाऊ हातपंप मारत राहिला. आधी फेस आला, मग तुटक धार, मग अखंड. स्क्रू आवळला. आठवडाभर बुडबुडा दिसला नाही, तेव्हा तो तुकडा काढून नेहमीची नळी जोडली.

शेडमधल्या सपाट कोब्यावरून गाडी आता पहिल्या चावीला सुरू होते. भाऊ आठवड्यातून एकदा मात्र ती उतारावर, तोंड खाली करून उभी करतो. सांधा ओला होतो का ते पाहायला, असे सांगतो.