मागचे चाक

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या पलूसमध्ये सकाळपासून वाहने धुण्याची एकच घाई उडालेली असते. ट्रॅक्टर, टेम्पो, उसाच्या गाड्या, मोटारसायकली, सारी वाहने अंगणात नाहीतर विहिरीच्या कडेला न्हाऊन निघतात. मग हळदकुंकू वाहिले जाते, नारळ फुटतो, झेंडूच्या माळा चढतात. या सोहळ्यात चाललेला एक पंक्तिप्रपंच मात्र मला नेहमी खटकतो. मोटारसायकलीची माळ हँडलला मिळते, कुंकू दिव्याला मिळते, आणि मागच्या चाकाच्या वाट्याला फार तर एक लिंबू येते, तेही चिरडण्यासाठी!

वस्तुतः मोटारसायकल चालते ती मागच्या चाकाच्या जोरावर. पुढचे चाक दिशा दाखवते. पण इंजिनाची शक्ती रस्त्याला टेकवून गाडी पुढे लोटण्याचे कष्ट मागचे चाक उपसते. मागे बसलेला माणूस, दुधाच्या किटल्या, द्राक्षांच्या पेट्या, खताचे पोते, यांचा बहुतेक भारही त्याच्यावरच. आणि असे असूनही चालवणाऱ्याला ते कधी दिसत नाही. ‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण जणू त्याच्यासाठीच जन्माला आली असावी. घराची शोभा पाहुणे दिवाणखान्यात बसून ठरवतात. ते घर चालते मात्र स्वयंपाकघरातून, तसाच हा प्रकार आहे.

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो त्याला आता काही वर्षे लोटली. महिन्यातला एक रविवार मी या उपेक्षित चाकाला देऊन टाकला आहे. सकाळच्या उन्हात माझी शंभर सी.सी.ची जुनी मोटारसायकल मधल्या स्टँडवर उभी राहते. शेजारी पाट, रिंग पान्यांचा संच, रॉकेलची वाटी, जुना दात घासायचा ब्रश आणि चिंध्या अशी पूजेची सामग्री मांडून मी बसतो. येणारेजाणारे थबकतात. “सर, कशाला हात काळे करता? नाक्यावर नेली तर अर्ध्या तासात करून देतील,” असे कळवळ्याने सांगतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. ‘आपला हात जगन्नाथ’ ही म्हण आपण पंगतीत स्वतः वाढून घेताना वापरतो; मला ती पाना हाती धरताना आठवते, एवढाच काय तो फरक.

ज्या गावाच्या आसमंतात मी राहतो, त्या गावात हात काळे करण्याची लाज वाटू नये. पलूसजवळच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर, औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या जागेत, तो कारखाना उभा केला. पण या उद्योगाचा उगम त्याहून मागे, १८८८ सालच्या बेळगावातील सायकलींच्या दुकानात आहे. पुढे नांगर आणि पंप घडवणाऱ्या हातांनी आरंभी सायकलीची चाके फिरवून पाहिली होती, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते.

तो काळच चाकांच्या नव्या शोधांचा होता. त्याआधीच्या उंच सायकलींना पायडल पुढच्या अवाढव्य चाकालाच जोडलेले असे. तोल गेला की स्वार डोक्यावरच आपटायचा. मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड या स्विस अभियंत्याने १८८० साली फिरत्या रुळांची चेन तयार केली. पाच वर्षांनी इंग्लंडातच जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची आणि चेनने मागचे चाक फिरवणारी सायकल बाजारात आणली. माणूस जमिनीजवळ आला, सुरक्षित झाला, आणि श्रमाचे काम मागच्या चाकाकडे गेले. आज माझ्या अंगणात उभ्या असलेल्या मोटारसायकलीत इंजिन आले, वेग आला. पण शक्ती मागे नेणारी ती रुळांची चेन मूळ रूपाने तशीच आहे.

या चेनची ओळख मला माझ्याच एका विद्यार्थ्याने करून दिली. शाळेत तो शेवटच्या बाकावर बसे आणि समासाचा विग्रह आला की खिडकीबाहेर पाही. आता त्याचे स्वतःचे गॅरेज आहे. निवृत्तीनंतर मी त्याच्याकडे शिकायला जाऊ लागलो, तेव्हा प्रथम तो संकोचला. खुर्ची पुसून देऊ लागला. मी खुर्ची बाजूला सारून त्याच्याजवळ पाटावर बसलो. “आधी इंजिन बंद, आणि किल्ली खिशात. चालू गाडीच्या चेनला कापड लावलं, की कापडाबरोबर बोटंही आत जातात,” हा त्याचा पहिला पाठ. मी चेन ताठ बसवू पाहताच तो हसून म्हणाला, “सर, ताणून बसवली म्हणजे नीट बसवली असं नसतं. तिला जरा श्वास घ्यायला जागा ठेवायची.”

या एका वाक्यात पुष्कळ शास्त्र भरलेले आहे. खड्ड्यातून जाताना मागचे चाक वर-खाली होते, आणि त्याबरोबर चेनचा ताण बदलतो. चेन आधीच ताठ असेल, तर बसणाऱ्याच्या वजनाने ती तारेसारखी ताणली जाते. मग चाकाची आणि इंजिनातली बेअरिंगे तो जुलूम सोसतात. उलट ती फार सैल असेल, तर दात्यांवरून उडते, आणि निसटून अडकली तर धावत्या गाडीचे चाक जागच्या जागी जखडते. म्हणून खालच्या बाजूला, दोन्ही चक्रांच्या मध्यावर, चेन बोटाने वर-खाली केली असता माझ्या गाडीत साधारण २५ मिलिमीटर हलली पाहिजे. हे मापही एकाच जागी घेऊन भागत नाही. चाक हळूहळू फिरवत जावे, चेन जिथे सर्वांत ताठ लागेल तिथेच माप घ्यावे. ढिलाई शोधायची ती सर्वांत ताणलेल्या जागी, हा नियम मला माणसांच्या बाबतीतही खरा वाटतो.

माप चुकलेले असेल तर चाकाच्या आसाचा नट सैल करायचा आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखेच फिरवायचे. दोहोंकडच्या खुणा जुळल्या नाहीत, तर चाक तिरपे बसते. गाडी एका अंगाला ओढते आणि टायर व चेन दोन्ही वेडीवाकडी झिजतात. मग नट पुन्हा घट्ट करायचा, आणि घट्ट केल्यावर परत एकदा माप घ्यायचे. कारण नट आवळतानाही चाक किंचित सरकते. चाक मागे सरकले की ब्रेकचीही चाल बदलते, ती जुळवून घ्यायची. एका कामाला हात घातला की त्याला जोडलेली चार कामे आपोआप दारात येऊन उभी राहतात.

चेन पुसताना मी तिच्या कड्यांचा विचार करतो. माझ्या गाडीच्या पुढच्या चक्राला १४ दाते आहेत, मागच्या चक्राला ४२. म्हणजे पुढचे चक्र तीनदा फिरते, तेव्हा मागचे चाक एकदा फिरते. वेग कमी होतो आणि त्या मोबदल्यात जोर वाढतो. चेनला शंभराच्या आसपास कड्या. ताशी ५० किलोमीटर वेगाने सांगलीच्या रस्त्याला लागलो, की प्रत्येक कडी सेकंदाला सुमारे तीन फेऱ्या मारते. एवढे फिरताना प्रत्येक सांध्यातली पिन कणाकणाने झिजते. लोक म्हणतात, चेन लांबली. पोलाद काही रबरासारखे ताणले जात नाही. एकेका सांध्यात मिलिमीटरचा दहावा भाग झिजला, तरी शंभर सांध्यांत मिळून १० मिलिमीटर होतात, म्हणजे जवळजवळ एका कडीइतकी लांबी वाढते. कोणत्याही एका कडीकडे बोट दाखवून ‘ही बिघडली’ असे म्हणता येत नाही, आणि तरीही चेन बिघडलेली असते. संस्थांचे, शाळांचे, घरांचेही पुष्कळदा असेच होते.

ही झीज लवकर होते ती आमच्या मातीमुळे. उसाच्या हंगामात शेतातून निघालेल्या गाड्या काळा चिखल डांबरी रस्त्यावर आणून ओततात. तो वाळला की त्याची धूळ होते, आणि तेलकट चेनवर बसली की तेल आणि धूळ मिळून कानशीचे काम करू लागते. म्हणून जुन्या मळावर नवे तेल ओतणे ही सेवा नव्हे. आधी रॉकेलने मळ काढावा, चेन कोरडी पुसावी, मग कड्यांच्या आतल्या बाजूने गिअरचे तेल थेंबाथेंबाने सोडावे आणि वरचे तेल पुन्हा पुसून घ्यावे. हे तेल ब्रेकपर्यंत जाणार नाही याची दक्षता मात्र डोळ्यांत तेल घालून घ्यावी!

या साध्या ज्ञानाची किंमत मला ऑगस्ट २०१९ मध्ये कळली. कृष्णेच्या महापुराने पलूस तालुक्यातली नदीकाठची गावे वेढली. भिलवडीच्या बाजारपेठेत पाणी शिरले. ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि कित्येक जीव गेले. पाणी ओसरल्यावर त्या बाजूचा माझा एक दुसरा विद्यार्थी मोटारसायकल टेम्पोत घालून पलूसला आला. म्हशी वेळेवर हलवल्यामुळे वाचल्या होत्या. गाडी मात्र गोठ्यात पाण्याखाली राहिली होती. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना किटल्या लावून तो रोज डेअरीला दूध घालत असे. गॅरेजपुढे चिखलाने माखलेल्या वाहनांची रांग लागली होती, आणि म्हशीचे दूध कोणत्याही रांगेची वाट पाहत नाही. गॅरेजवाल्याने इंजिन धुऊन दिले आणि हात जोडून मला म्हटले, “सर, पुढची गाडी खोळंबलीय. मागचं चाक तेवढं तुम्ही बघता का?”

ती गाडी माझ्या अंगणात आली. आम्ही दोघांनी चेनलॉक काढला, आस ओढून घेतला, चाक बाहेर काढले. ब्रेकचा ड्रम उघडला, तर आत गाळाचा मऊ थर बसलेला. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवले, तर वाळूची करकर हाताला कळली. चेनच्या कड्या गंजून वाकायच्या थांबल्या होत्या आणि मागच्या चक्राचे दाते विळ्यासारखे एका अंगाला झुकले होते. अशा दात्यांवर नवी चेन घातली तर ती थोड्याच दिवसांत त्यांच्यासारखीच होते; म्हणून चेन आणि दोन्ही चक्रे एकदमच बदलावी लागतात. त्याने खिशातले पैसे मोजले, गप्प राहिला, आणि सामान आणायला उठला. नवी बेअरिंगे ठोकून बसवणे माझ्या हातचे काम नव्हते; ती गॅरेजवाल्याने रांगेतून वेळ काढून बसवून दिली. बाकीचे आम्ही केले. ड्रम धुऊन वाळवला, ब्रेकचे शू घासले, नवी चक्रे आणि चेन चढवली, चेनलॉकच्या क्लिपचे बंद तोंड चेनच्या धावण्याच्या दिशेला आहे ना ते दोनदा पाहिले. दिवेलागणीला चाक फिरवले, तेव्हा त्याचा आवाज असा काही येत नव्हता. त्या नीरवतेइतके गोड उत्तर मला परीक्षेच्या कोणत्याही उत्तरपत्रिकेत मिळालेले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या किटल्या डेअरीला पोहोचल्या.

कोणी म्हणेल, प्रत्येकाने सगळेच काम स्वतः करावे काय? तसे मुळीच नव्हे. काही कामांना कारागिराची हत्यारे आणि त्याचा वर्षांचा सराव हवा. तिथे त्याच्याकडेच जावे. पण आपली गाडी थोडीतरी उघडून पाहिलेला मनुष्य त्याच्याकडे आंधळ्यासारखा जात नाही, आणि त्याच्या मजुरीवरून घासाघीसही करत नाही. बेअरिंग बसवताना त्या तरुणाचे मनगट कसे चालते हे जवळून पाहिल्यापासून माझ्या मनात त्या विद्येविषयीचा आदर दुणावला आहे.

महाभारतात एक प्रसंग आहे. जयद्रथवधाच्या दिवशी अर्जुनाचे घोडे थकले, बाणांनी जखमी झाले. तेव्हा भर रणांगणात साक्षात श्रीकृष्णाने त्यांना रथापासून सोडवले, त्यांच्या अंगातले बाण उपटले, त्यांना पाणी पाजले आणि मग पुन्हा जुंपले. गीता सांगणाऱ्या मुखाला या कामात कमीपणा वाटला नाही. गीतेतल्या कर्मयोगावर मी वर्गात पुष्कळ बोललो आहे. पण त्या घोड्यांच्या अंगावरून फिरलेला तो हात मला आता अधिक जवळचा वाटतो. जे आपल्याला वाहून नेते, त्याची निगा राखणे हाही सारथ्याच्या धर्माचाच एक भाग आहे.